केस नसताना वकील कशाला? जळगावच्या एका डाळमिलचं प्रकरण

हे प्रकरण जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका डाळमिलचं आहे. त्या घराच्या परवानगीनेच लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत आणि रकमा ठोकळ केल्यात. कायद्याच्या मुदती आणि घटनाक्रम मात्र जसाच्या तसा आहे. २०२३ पासून मी या मिलच्या हिशेबाचं आणि कराचं काम पाहतो, त्यामुळे बहुतेक बैठकांना मी हजर होतो.

पार्श्वभूमी

मिल वडिलांनी उभी केली. भागीदारी संस्था, भागीदार तीन: वडील आणि दोन मुलगे. तूर आणि चणा हा मुख्य माल, अधूनमधून उडीद. उलाढाल वीस कोटींच्या आसपास, म्हणजे सरकारी व्याख्येत लघुउद्योग. विक्री जवळजवळ सगळी दलालांमार्फत, ३० दिवसांच्या उधारीवर, महाराष्ट्राबाहेरच्या व्यापाऱ्यांना. सौदा फोनवर, दर व्हॉट्सॲपवर, कागदावर फक्त बिल आणि बिल्टी, म्हणजे मालवाहतुकीची पावती. आपल्याकडे धंदा असाच चालतो आणि बहुतेक वेळा सुरळीत चालतो.

२०१९ मध्ये वडील गेले. बँकेच्या कॅश क्रेडिटसाठी नवा करारनामा झाला आणि थोरल्यांच्या पत्नी भागीदार म्हणून आल्या. घरात आणि मिलमध्येही त्यांना सगळे वहिनीच म्हणतात. करारनामा बँकेत गेला, पॅनची नोंद बदलली. भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे मात्र कोणी काही कळवलं नाही. कोणी मागितलंच नाही, तर कळवणार कोण?

घराचा एक वकील होता. वडिलांच्या जमिनीच्या कामापासूनचा, विश्वासाचा माणूस. पण त्यांच्याकडे जायचं ते नोटीस आल्यावर किंवा पोलीस स्टेशनचा फोन आल्यावर. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे वडिलांचं वाक्य घरात पाठ होतं, आणि वकिलाच्या ऑफिसची पायरी हीसुद्धा कोर्टाचीच पायरी, असा त्याचा अर्थ लावला गेला होता.

अडचण

डिसेंबर २०२१ ते ऑगस्ट २०२२ या काळात दक्षिणेकडच्या एका मोठ्या शहरातल्या पार्टीला माल गेला. सुरुवातीला पैसे वेळेवर आले, मग तुकड्यातुकड्याने, मग थांबले. शेवटी येणं राहिलं ३४ लाख. त्यातल्या ६ लाखांचा एक चेक जानेवारी २०२३ मध्ये परत आला.

इथे पहिली संधी हुकली. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत देणाऱ्याला लेखी नोटीस जावी लागते. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस मिळतात. तरी पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार करायची. तक्रारीला झालेला उशीर न्यायालय योग्य कारण असल्यास माफ करू शकतं, नोटिशीची ३० दिवसांची मुदत माफ होत नाही. पार्टी फोनवर म्हणाली, “हा ठेवून द्या, दुसरा पाठवतो.” मुनीमजींनी चेक कपाटात ठेवला. वैधता होती तोवर तोच चेक पुन्हा बँकेत टाकून परत आला असता, तर नोटिशीसाठी नवे ३० दिवस मिळाले असते. पण तीन महिन्यांनी वैधताही संपली. मुनीमजींना यात दोष देणं मला पटत नाही. तीस वर्षं उधारी सांभाळणाऱ्या माणसाला ही मुदत कोणीच कधी सांगितली नव्हती.

जानेवारी २०२४ मध्ये त्या पार्टीच्याच वकिलाची नोटीस आली. माल हलका होता, आमचं नुकसान झालं, उलट आमचेच तुमच्याकडे पैसे निघतात, असा मजकूर. थोरले हादरले. “आते काय करो?” एवढंच ते त्या संध्याकाळी दोन-तीनदा म्हणाले. धाकट्यांचं म्हणणं होतं की उत्तरच देऊ नये, दलालाला मध्ये घालून मिटवू.

कोणते मार्ग होते

नोटिशीला उत्तर द्यायचंच, हे पहिल्या बैठकीत ठरलं. खरा वाद पुढचा होता: हे एक काम वकिलाला द्यायचं, की वकील कायमचा जोडून घ्यायचा?

जुन्या वकिलांनी स्वतःच सांगितलं की त्यांचं काम जमिनीचं आणि फौजदारी, व्यापारी वसुली त्यांच्या हातची नाही. त्यांच्या या सरळपणाने पुढचं बरंच सोपं झालं.

पुण्या-मुंबईच्या एखाद्या फर्मकडे जावं, असं धाकट्यांच्या एका मित्राने सुचवलं. मला ते जड वाटलं. फीपेक्षा मोठी अडचण अशी की दलालाच्या चिठ्ठीतलं ‘कटती धरून’ किंवा ‘मिल पोच’ त्यांना प्रत्येक वेळी समजावून सांगावं लागलं असतं.

कायद्याचा पदवीधर पगारावर ठेवावा, हाही विचार झाला. पण बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरणाऱ्याला वकिली करता येत नाही. तो कागद पाहील, पण न्यायालयात उभा राहणार नाही. वीस कोटींच्या मिलला एवढं रोजचं कामही नाही.

मीच हे सगळं पाहावं, अशीही एक सूचना आली. मी नाही म्हणालो. कर सल्लागाराने नोटिशीचं उत्तर लिहिणं धोक्याचं असतं. हिशेबाच्या सवयीने आपण त्यात ‘वटाव धरून बाकी अमुक’ असं एखादं वाक्य लिहून बसतो आणि तेच वाक्य पुढे कबुली म्हणून आपल्यासमोर येतं. शिवाय वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला कायद्याने गोपनीयतेचं जे संरक्षण आहे, ते माझ्याशी झालेल्या बोलण्याला नाही.

उरला मार्ग जळगावातच व्यापारी दावे चालवणाऱ्या वकिलाला दरमहा ठरलेली फी देऊन जोडून घेण्याचा. वहिनी यावर ठाम होत्या. थोरल्यांचा प्रश्न रास्तच होता: “ज्या महिन्यात काहीच काम नाही, त्या महिन्याचे पैसे कशाचे?” वहिनी म्हणाल्या, “चेक परत आला त्या महिन्यातही आपल्याला काही काम नव्हतं.”

वकिलाशी झालेला करार

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका वकील मॅडमशी लेखी करार झाला. महिना १२,००० रुपये. त्यात महिन्यातून एक बैठक, फोनवर सल्ला, करार वाचणं, नोटिसा आणि त्यांची उत्तरं. न्यायालयात किंवा लघुउद्योगांच्या थकबाकीचे दावे ऐकणाऱ्या सुविधा परिषदेपुढे उभं राहणं यात नाही, त्याची फी प्रत्येक प्रकरणाची वेगळी. एक महिन्याच्या सूचनेने दोघांपैकी कोणीही करार संपवू शकतो आणि संपल्यावर सगळे कागद परत.

थोरल्यांनी आधी वेगळाच प्रस्ताव ठेवला होता: “महिन्याचं राहू द्या मॅडम, जेवढी वसुली होईल तिचे दहा टक्के घ्या.” मॅडमनी तिथल्या तिथे नकार दिला. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा वसुलीत वाटा घेणं वकिलाला नियमाने मना आहे. मला याहून महत्त्वाचं वाटतं ते असं की टक्केवारीवरचा माणूस वसुलीच पाहणार. पुढच्या वर्षी वसुलीची वेळच येऊ नये म्हणून सौद्याची चिठ्ठी सुधारण्यात त्याला काय रस?

मॅडमनी आपणहून एक गोष्ट उघड केली. या सौद्यातल्या दलालाचं घराच्या वाटणीचं काम त्यांनी पूर्वी केलं होतं. ते संपलेलं होतं आणि या व्यवहाराशी त्याचा संबंध नव्हता. दलालाविरुद्ध काही करायची वेळ आली तर त्या बाजूला होतील, हे करारात लिहून घेतलं. गाव लहान आहे, असे धागे निघणारच. ते आधी बोलून घेतले की नंतर गैरसमज होत नाहीत.

फीचा खरा खर्च किती, हे थोरल्यांना नंतर कळलं. वकिलाच्या फीवरचा १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने मिललाच भरावा लागतो. ३० आणि ५० किलोच्या कट्ट्यांतली डाळ करमुक्त असल्याने त्याचं क्रेडिटही मिळत नाही. म्हणजे १२,००० चे झाले १४,१६०. वर्षाची फी तेव्हाच्या ३०,००० च्या मर्यादेपलीकडे जात असल्याने १० टक्के टीडीएसही कापायचा होता. हे सगळं सहीआधी मांडलेलं बरं.

करारातली सर्वांत उपयोगी ओळ वहिनींनी सुचवलेली होती: मिलकडून वकिलाशी बोलणारी व्यक्ती एकच, वहिनी. दोन भाऊ दोन वेगळ्या गोष्टी सांगतील आणि वकील तिसरंच लिहील, ही त्यांची भीती खरी होती.

काय केलं

मॅडमनी पहिल्या बैठकीत बिलं मागवली आणि टेबलावर तीन ढीग केले.

पहिला ढीग २५ लाखांचा. बँकेने मागितली म्हणून मिलने फेब्रुवारी २०२२ मध्ये उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, केली होती. त्यानंतरचा, स्वतः भरडलेला माल यात होता. याला २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा लागू. लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसला तर १५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. बँक दर तेव्हा ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. हा दावा पुरवठादाराच्या भागातल्या सुविधा परिषदेपुढे चालतो, खरेदीदार देशात कुठेही असो. आपल्यासाठी परिषद नाशिकला. समोरच्या शहरात खेटे घालायचे नाहीत, हे कळल्यावर धाकट्यांनी पहिल्यांदा मान डोलावली.

दुसरा ढीग साडेपाच लाखांचा, उद्यम नोंदणीच्या आधीचा. नोंदणीआधीच्या पुरवठ्याला या कायद्याचा लाभ नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं होतं. (जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात हाच प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला गेला, पण तेव्हा हातात होता तो २०२१ चा निकाल.)

तिसरा ढीग साडेतीन लाखांचा. ही उडीद डाळ शेजारच्या मिलकडून घेऊन तशीच पुढे पाठवलेली, म्हणजे निव्वळ व्यापार. व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. उशिराच्या पैशांचं संरक्षण त्यांना नाही.

पहिला निर्णय इथे घ्यायचा होता. थोरल्यांना सगळे ३४ लाख परिषदेपुढे न्यायचे होते. मॅडम म्हणाल्या, चुकीची बिलं मिसळली की समोरच्याला अधिकारक्षेत्राची हरकत मिळते आणि बरोबर असलेले २५ लाखही त्यात अडकतात. शेवटी ढीग वेगळेच ठेवले.

उरलेल्या नऊ लाखांसाठी दिवाणी दावा हाच मार्ग होता, आणि तिथे २०१९ चा करारनामा आडवा आला. भागीदारी कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे संस्था नोंदलेली हवी आणि दावा करणाऱ्या भागीदारांची नावं निबंधकाच्या नोंदवहीत हवीत. तिथे अजून वडिलांचं नाव होतं, वहिनींचं नव्हतं. दावा दाखल केल्यानंतर नोंद सुधारली तर हा दोष जात नाही. शिवाय तीन वर्षांची मुदत चालू होती. पहिल्या बिलाची उधारी जानेवारी २०२२ मध्ये संपली, म्हणजे जानेवारी २०२५ ही कड. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंतचा काळ मुदतीतून वगळला होता, त्यामुळे थोडी सवड निघाली असती. पण त्या सवडीवर नियोजन करायला मॅडम तयार नव्हत्या. पार्टीच्या ‘सीझनला हिशेब करू’ या व्हॉट्सॲप संदेशावरही त्या विसंबल्या नाहीत. कबुलीने मुदत नव्याने सुरू होते, पण कबुली सहीची लागते, आणि संदेशाला सही मानायची का यावरच वाद झाला असता.

परिषदेचा मार्ग मात्र मोकळा होता. परिषदेपुढे आधी सलोखा आणि तो फसला तर लवाद चालतो, आणि कलम ६९ ची आडकाठी लवादाच्या कार्यवाहीला लागू होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल आहे. म्हणून एप्रिल २०२४ मध्ये नाशिकचा अर्ज गेला आणि समांतर निबंधकाकडचं काम सुरू झालं. मृत्यू दाखला, जुना करार, नवा करार, उशिराचा दंड, हे सगळं उरकायला जुलै उजाडला.

नोटिशीचं उत्तर दोन पानांचं होतं आणि त्याचा भार एकाच मुद्द्यावर होता. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल स्वीकारला असं हा कायदा धरतो. पार्टीची पहिली लेखी हरकत दीड वर्षानंतरची, वकिलाच्या नोटिशीतली. धाकटे बिल्ट्या आणि पोच शोधत दोन रात्री मिलमध्ये बसले. एका गाडीची पोच मिळालीच नाही, तेवढं बिल कमकुवत राहिलं.

याच सुमारास बाजारात बोललं जात होतं की आयकराच्या नव्या कलमामुळे, ४३ब(एच) मुळे, आता सगळ्या पार्ट्या पैसे टाकतील. लघुउद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी खर्चाची वजावट नाही, अशी ती तरतूद. पण ती २०२३-२४ या आर्थिक वर्षापासूनची. २०२२ च्या थकबाकीला तिचा काही उपयोग नव्हता. नव्या उधारीत मात्र तिने फरक पाडला, काही पार्ट्या स्वतःहून उद्यम क्रमांक विचारू लागल्या.

नाशिकची तडजोड

कायद्यात परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यायचा आहे. प्रत्यक्षात पहिली सलोख्याची तारीखच उशिरा लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये पार्टीने प्रस्ताव दिला: मुद्दल पूर्ण, व्याजाचे ३ लाख, पाच हप्ते, पुढच्या तारखांचे चेक.

व्याज तोवर साधारण १४ लाखांवर गेलं होतं. थोरले म्हणाले, कायद्याने माझं आहे ते मी का सोडू? यावर घरात तीन दिवस वाद झाला. मॅडमनी सल्ला देण्याआधी दोन्ही बाजू कागदावर मांडल्या. लवादात जिंकण्याची शक्यता चांगली. निवाड्याला आव्हान द्यायचं तर पार्टीला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागेल, हे आपल्या बाजूचं. पण लवाद, आव्हान, मग पार्टीच्या शहरात अंमलबजावणी, यात वर्षं जातील. आणि नवी तूर जानेवारीत बाजारात येते, तेव्हा रोख हवी.

मिलने तडजोड स्वीकारली. माझ्या मते निर्णय बरोबर होता, आणि तो बरोबर ठरला तो एका अटीमुळे: एक जरी हप्ता चुकला तर संपूर्ण व्याजाचा हक्क परत जिवंत होईल. सलोख्यातल्या अशा करारपत्राला लवादाच्या निवाड्याइतकीच ताकद असते.

तिसऱ्या हप्त्याचा चेक फेब्रुवारी २०२५ मध्ये परत आला. मॅडमनी मुनीमजींना एक साधं रजिस्टर सुरू करून दिलं होतं: चेक परत आल्याची तारीख, वकिलाला कळवल्याची तारीख, नोटिशीची शेवटची तारीख. सहाव्या दिवशी नोटीस गेली आणि १५ दिवस संपायच्या आत पैसे जमा झाले. व्याजाची अट लावायची का, हा प्रश्न पुन्हा उठला. वहिनी आणि धाकटे नको म्हणाले, थोरले नाराज राहिले. बाकीचे हप्ते वेळेवर आले.

वेगळं काय करता आलं असतं

कराराचे पहिले कित्येक महिने जुन्या भांडणातच गेले. त्या काळात नवा माल त्याच जुन्या पद्धतीने, तोंडी सौद्यावर जात राहिला. सौद्याची चिठ्ठी आधी हातात घ्यायला हवी होती, ते काम आठवड्याभराचं होतं. घेतली ती ऑगस्टमध्ये, आणि तेव्हाही पहिला मसुदा चार पानी निघाला. दलाल म्हणाले, “हे वाचेपर्यंत बाजार बंद होईल.” त्यांचं खरं होतं. शेवटी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला नऊ ओळी राहिल्या: पैशाचे दिवस, व्याज, मालाची तक्रार किती दिवसांत आणि लेखीच, वाद झाल्यास जळगावचं न्यायालय, उद्यम क्रमांक. व्यापाऱ्याच्या हाताला बसेल एवढाच कायदा चिठ्ठीवर टिकतो.

उत्तर किती दिवसांत मिळेल, हे करारात नव्हतं. दिवाळीच्या आसपास एका खरेदी करारावर मत यायला बारा दिवस लागले आणि धाकट्यांनी न थांबता सही केली. त्यातून नुकसान झालं नाही, पण वकील जोडण्याचा हेतूच तिथे बाजूला पडला.

अन्न व औषध प्रशासनाने मिलमधून डाळीचा नमुना नेला, तेव्हा अहवाल आठवडाभर फाटकावरच्या टेबलावर पडून होता. विश्लेषकाच्या अहवालावर अपिलाला ३० दिवस असतात. वहिनींच्या हाती तो पडला तेव्हा मॅडमनी स्पष्ट सांगितलं की हा त्यांचा विषय नाही, आणि त्या कामातल्या दुसऱ्या वकिलांकडे पाठवलं. अपील मुदतीत गेलं. वकील जोडलेला आहे म्हणून सगळंच त्याच्या कक्षेत येतं, हा समज आधी दूर करायला हवा होता. आणि टपाल कोण उघडतं, हा प्रश्न वकिलाची निवड करण्याइतकाच मोठा आहे. पहिल्या सहा महिन्यांत मिलचं जे भलं झालं ते कायद्याच्या ज्ञानाइतकंच वहिनींच्या शिस्तीमुळे. त्या रोज दुपारी आलेला प्रत्येक कागद पाहून ‘मॅडमना’ किंवा ‘फाइलला’ असं त्यावर लिहीत. हे करणारं कोणी नसेल, तर महिन्याची फी भरूनही चेक कपाटातच राहील.

आजची स्थिती

नऊ लाखांसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व मध्यस्थीचा अर्ज केला होता. तीन लाखांवरच्या व्यापारी वादात तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर ती पायरी सक्तीची आहे. पार्टी आली नाही. तसा अहवाल मिळाल्यावर डिसेंबरमध्ये, मुदतीच्या आत, जळगावला दावा दाखल झाला. तो अजून चालू आहे. पोच न मिळालेली गाडी पहिल्या ढिगातली असल्याने या दाव्याला तिचा त्रास नाही. उडदाच्या प्रतीबद्दल शेजारच्या मिलवाल्याची साक्ष लागेल, आणि तो अजून तयार झालेला नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये वकिलाचा करार नव्याने झाला. थोरल्यांच्या आग्रहाने फी महिना ९,००० वर आली, नोटिसांचे पैसे वेगळे ठरले. मला हा बदल फारसा आवडला नाही, कारण प्रत्येक नोटिशीला पैसे पडले की नोटीस पाठवायला हात आखडतो. तसं मी सांगितलंही. चेक परत आल्यावरची नोटीस तेवढी महिन्याच्या फीतच राहावी, हे वहिनींनी त्यात घालून घेतलं. उत्तराची मुदत दोन कामाचे दिवस, आणि अन्न कायदा व कामगारांचे विषय कराराबाहेर, हेही आता लिहिलेलं आहे.